विषय: मुलांच्या दशावतारासाठी घरचे रंग (डिसेंबर, कुडाळ)

प्रेषक: नाटक समिती

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यापैकी काही कुटुंबं कुडाळला उतरणार, हे ठरलंच आहे. जत्रांचा हंगाम असेल, मुलं रात्रीचा दशावतारी नाटकाचा खेळ बघतीलच. पण त्यांना वाडीतल्या अंगणात स्वतः एक छोटं आख्यानही करायचंय. कृष्ण, दोन राक्षस, एक ऋषी, शिवाय वेद पळवणारा संकासुर हवाच.

गेल्या गणपतीत विकतच्या रंगांनी दोन-तीन मुलांचे गाल चांगलेच लाल झाले होते. म्हणून या वेळी रंग घरीच करावेत असं चाललंय. बीट, पालक आणि हळद वाटून भागेल का? कुणी केलंय का आधी?

प्रेषक: एक पालक

बीट-पालक कशाला? पूजेच्या दुकानात शेंदूर मिळतो, हिंगूळ मिळतो. तेलात खलायचा आणि लावायचा. तेही नैसर्गिकच की.

प्रेषक: माजी खजिनदार, मुक्काम कुडाळ

समितीच्या ताई आणि सर्व मंडळी,

शेंदूर देवालाच राहू द्या. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक. हिंगूळ आणि हरताळ थेट खाणीतून निघतात, तेव्हा नैसर्गिक तर आहेतच. म्हणून काय पोरांच्या ओठांजवळ लावायचे?

आमच्या परसातल्याही काही गोष्टींना हात लावू नका. बिब्बा, काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक. तिन्ही झाडं एकाच कुळातली आणि तिघांनीही कातडीवर फोड येतात. इथल्या माणसांना हे सांगावं लागत नाही, पण तुमची मुलं झाडं बघून हरखतील आणि काहीही तोडून आणतील. पांढऱ्या रंगासाठी पानाचा चुना घ्यावा असंही कुणाला सुचेल. त्याने कातडी भाजते.

आता बीट-पालकाचं. रस कातडीला नुसता डाग देतो, झाकत नाही. बीट ओघळतं आणि वाळल्यावर फिकट गुलाबी उरतं. पालकाचा हिरवा रंग थोड्याच वेळात मळकट होतो. बत्तीच्या उजेडात लांबून चेहरा उठून दिसायचा तर न विरघळणारी बारीक पूड हवी आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी स्निग्ध हवं. तेवढं जमलं की निम्मं काम झालं.

4 चमचे खोबरेल आणि 1 चमचा किसलेलं मधमाशीचं मेण वाटीत घ्या आणि वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण साधारण 62-64 अंशांना वितळतं, ते थेट आचेवर ठेवू नका. उतरवल्यावर त्यात 2 चमचे तांदळाची अगदी बारीक पिठी घोटा. हा झाला पांढरा, आणि बाकीच्या रंगांचा पायाही हाच. तिकडे थंडीत तुमच्या स्वयंपाकघरात करून बघाल तर दगडासारखा घट्ट होईल. तरी मेण कमी करू नका. खोबरेल 24 अंशांच्या वर पातळच होतं, आणि इथे डिसेंबरातही दुपारी तिशी सहज ओलांडते. मेण कमी पडलं तर राक्षसाच्या मिशा हनुवटीवर येतील.

काळ्यासाठी करवंटी जाळा. राख होऊ देऊ नका, निखारा झाला की झाकून विझवा. कोळसा खलून मलमलच्या फडक्यातून गाळा, चिमटीत खर लागता कामा नये. खर राहिली की गालावर ओरखडे उठतात.

तांबड्याला गेरू, पण खड्याचा घ्या, रांगोळीच्या दुकानातली रंगीत पूड नको. खडा कुटून भरपूर पाण्यात ढवळा आणि क्षणभर थांबा. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका आणि खालचा गाळ उन्हात वाळवा. तो गाळ म्हणजे तुमचा रंग. बोटांत घेऊन बघा, लोण्यागत पसरतो.

केशरी हवा असेल तर शेंद्रीच्या (ॲनाटोच्या) बिया कोमट खोबरेलात भिजवा. रंग तेलातच उतरतो, पांढरा पाया करताना साध्या खोबरेलाऐवजी ते तेल वापरा.

हळद ऋषींपुरतीच ठेवा. एक-दोन दिवस पिवळेपण जात नाही. आणि साबणाने घासली की ती लालसर होते. आई-वडिलांनी घाबरायचं नाही, क्षारामुळे होतं तसं. आधी खोबरेलाने पुसा, मग डाळीचं पीठ.

खरी पंचाईत कृष्णाची आहे. निळी पूड निसर्गात स्वस्तात मिळत नाही आणि कपड्यांची नीळ चेहऱ्याला लावायची नाही. गोकर्णीच्या वाळल्या फुलांचा दाट काढा करून त्यात पिठी भिजवा आणि सावलीत वाळवा. फिकट निळी होते, पण गोड दिसते. आमसुलाचा किंवा लिंबाचा हात मात्र लागू देऊ नका, जांभळी होते. माझं मत विचाराल तर कृष्णाला मोरपीस आणि कपाळी गंध पुरे.

संकासुराची चिंताच नको. काळा वेश आणि तोंडावर काळा बुरखा. जो पोर रंग लावून घ्यायला रडेल त्याला संकासुर करा.

प्रेषक: मंडळातली डॉक्टर

काकांच्या मेलला थोडी पुरवणी. घरचं म्हणजे निर्धोक असं नाही. हळदीची आणि मेणाचीही ॲलर्जी असते. प्रत्येक रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास बघा. डोळ्यांच्या कडा आणि ओठ यांच्यासाठी गेरू नको, मातीत काय काय असेल सांगता येत नाही. तिथे सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचा तांबडा आयर्न ऑक्साइड विकत आणा. जत्रेत ‘काळी मेंदी’ कुणी काढून देत असेल तर मुलांना दूर ठेवा. तिच्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि त्याचे फोड गेले तरी ॲलर्जी जन्माची राहते.

प्रेषक: नाटक समिती

ठरलं तर मग. आयर्न ऑक्साइड आणि मेण इथून आम्ही आणतो. काका, करवंट्या आणि गेरूचा खडा तुमच्याकडे. गोकर्णी कुणाच्या कुंपणावर आहे तेही बघून ठेवा, कृष्ण ऐकायला तयार नाही, त्याला निळंच व्हायचंय. पेटी आणि मृदंग कोण वाजवणार, ते वेगळ्या मेलमध्ये ठरवू.