सल्ला हवा: कोरियन मुलींच्या गटाचे पहिले गाणे कोणते ऐकावे?

कोमल_निषाद:
मे महिन्यात माझी तेरा वर्षांची भाची दहा दिवस राहायला येणार आहे. तिच्या तोंडी सतत कोरियन गाणी असतात, आणि मी मात्र आजवर पेटी आणि नाट्यसंगीत यांपलीकडे फारशी गेलेली नाही. उगाच कौतुकाचे सोंग आणण्यापेक्षा एखादे गाणे मनापासून ऐकावे, असे वाटते. चाल गोंगाटात हरवणारी नसावी आणि चित्रफीत दोघींना शेजारी बसून पाहता यावी, एवढ्याच अटी आहेत.

बोरीबंदर:
ताई, आपण पेटी वाजवता म्हणून निःशंकपणे 'रेड वेल्वेट'चे 'फील माय रिदम' सुचवतो. पाच जणींचा हा गट 2014 मध्ये पुढे आला आणि हे गाणे मार्च 2022 मधले आहे. त्याची सुरुवात ज्या तंतुवाद्यांनी होते, ती धून अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराची आहे. त्याच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमधला (वाद्यवृंदासाठी गुंफलेल्या रचनांच्या मालिकेतला) हा भाग पुढे एकोणिसाव्या शतकात विल्हेल्मी या व्हायोलिनवादकाने केवळ सर्वांत खालच्या, म्हणजे 'जी' तारेवर वाजवता येईल असा बसवला आणि त्यामुळे 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' हे नाव रूढ झाले.

आधी बाखची मूळ रचना ऐका. वरचा पहिला स्वर लांबवर धरून ठेवलेला असतो आणि त्याच वेळी खर्जात सा, नी, ध, प, म असे स्वर, प्रत्येक स्वर दोन सप्तकांत वाजत, पायरी-पायरीने उतरतात. मग तीव्र मध्यमाला स्पर्श करून पुन्हा पंचमावर येतात. हे पेटीवर पाच मिनिटांत सापडेल. त्यानंतर गाणे लावले, की त्या संथ धुनेवर आजच्या ढंगाचे ठोके कसे बसवले आहेत, हे वेगळे सांगावे लागणार नाही. हे ठोके मला पहिल्यांदा खटकले होते, हेही कबूल करतो.

चित्रफीत दुसऱ्या खेपेला पाहा, कारण तिच्यात नामांकित चित्रांचे इतके संदर्भ आहेत की पहिल्याच वेळी गाण्याकडे दुर्लक्ष होते. फुलांसह पाण्यात पहुडलेली मिलेची ओफेलिया, फ्रागोनारचा झोपाळा, मोनेची छत्री घेतलेली स्त्री आणि बॉशच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स'मधली चमत्कारिक दुनिया त्यात भेटते. मूळ चित्रे शेजारी उघडून ठेवलीत, तर भाचीलाही शोधण्याचा खेळ मिळेल.

शिळोप्याच्या_गप्पा:
बोरीबंदर यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. बाखच्या आधाराने कोरियन गाणे ऐकणे म्हणजे ओळखीच्या माणसाचा हात धरूनच लग्नाच्या मांडवात शिरणे होय. मी 'न्यूजीन्स' या दुसऱ्या कोरियन मुलींच्या गटाचे डिसेंबर 2022 मधले 'डिटो' सुचवेन. त्याच्या दोन चित्रफिती आहेत आणि एक शाळकरी मुलगी जुन्या हँडीकॅमवर आपल्या पाच मैत्रिणींचे चित्रण करते, एवढाच त्यांचा धागा आहे; मात्र त्या मैत्रिणी खरोखर तिथे आहेत का, ही शंका हळूहळू मनात येते. तेरा वर्षांच्या मुलीशी बोलायला हा विषय मला अधिक जवळचा वाटतो.

बोरीबंदर:
'डिटो' सुंदर आहे, पण ते उदास आहे आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी नको. शिवाय ज्याला पेटी येते त्याने ओळखीचा हात का सोडावा?

कोमल_निषाद:
दोघांचेही आभार. काल रात्री खर्जातली ती उतरण पेटीवर वाजवून पाहिली. तीव्र मध्यमावर बोट गेले तेव्हा मीच दचकले, कारण तिथे तो येईल असे वाटलेच नव्हते. 'फील माय रिदम' आधी आणि 'डिटो' भाची परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, असे ठरवले आहे. आता पाच जणींपैकी कोण कोणती ओळ गाते, हे कसे ओळखावे, तेवढे कोणीतरी सांगा. भाची पहिल्यांदा तेच विचारणार आहे.