बहिणाबाई चौधरी नीट वाचायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

खिडकीजवळची:
शाळेत तवा-चुल्ह्याची कविता पाठ केली, मार्क घेतले, विषय संपला. गेल्या महिन्यात बाबांचं बायपास झालं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सोबतीला जळगावकडच्या आजी होत्या. रात्री बाकावर बसून वाती वळायच्या. एकदा मी मोबाइलवर बाबांचं राशिभविष्य बघत होते (हसू नका). आजींनी डोकावून पाहिलं आणि हळूच चालीत म्हणाल्या, 'नको नको रे ज्योतिषा, नको हात माझा पाहू.' पुढे कुंकू पुसलं तशी त्याखालची कर्माची रेघ उघडी पडली, असं काहीतरी. माझे डोळे भरले, त्यांची वात काही थांबली नाही. घरी येऊन कविता शोधली, तर 'कये', 'तयहात' इथेच अडले.

केळीवाला_यावल:
ताई, आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. कये म्हणजे कळे, तयहात म्हणजे तळहात. मोठ्याने वाचा, निम्मं आपसूक कळतं. बहिणाबाईंचं माहेर आसोदा, सासर जळगाव. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना ओव्या सुचायच्या, त्या मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचे. १९५१ला त्या गेल्या, नंतर सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ला 'बहिणाबाईंची गाणी' आलं. तेच घ्या. अत्र्यांची प्रस्तावना सोडू नका.

शाईपेन:
फक्त त्या ज्योतिषाच्या कवितेला 'आशावादी' म्हणू नका, प्लीज. तिशीच्या आसपास नवरा गेला, मुलगा ओंकार प्लेगातून वाचला पण कायमचा अधू झाला. म्हणून देवाकडे मागणं एवढंच, की दोन लाल (म्हणजे मुलगे) सुखी राहोत. बाई चिडलेली आहे. नशीब सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवते.

केळीवाला_यावल:
चिडलेली, कबूल. पण पेरणीनंतरचं गाणंही तिचंच ना? कोंबातून दोन पानं येतात, हात जोडल्यासारखी. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या कपाशीत येऊन बघा, तंतोतंत तसंच. हे शेतात वाकल्याशिवाय दिसत नाही.

खिडकीजवळची:
पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी बाबांना एक वाचून दाखवते. ते मुद्दाम 'तळहात' म्हणतात, मग आमचं वाजतं. आजींचा नंबर मात्र घ्यायचा राहिला.