परदेशी शिक्षणाचा विचार आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात कसा रुजवावा?

शिक्षिका, चोपडा:
मी चोपडा तालुक्यातील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे आईवडील केळीच्या कापणीला किंवा कापूस वेचणीला जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला पावरा या आदिवासी समाजातील एक मुलगी आहे, जिच्याइतकी प्रयोगशाळेत रमणारी विद्यार्थिनी मी क्वचितच पाहिली, परंतु पुढील शिक्षणासाठी परदेशी जाण्याविषयी विचारताच ती म्हणाली, "मॅडम, ते आमच्यासारख्यांसाठी नसतं." तिच्या मनातून हे कसे काढावे?

माजी विद्यार्थी, शहादा:
मॅडम, मीही हेच म्हणत असे. मला भाषणांनी नव्हे, तर पासपोर्टाने धीर दिला. आमच्या सरांनी दुसऱ्या वर्षालाच माझा अर्ज भरून घेतला. शुल्क १,५०० रुपये होते, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे निघाल्याने दुरुस्तीतच चार महिने गेले. प्रवेश मिळाल्यावर ही धावपळ करावी लागली असती, तर ती जागा हातची गेली असती. वडिलांची चिंता मात्र पैशांची नव्हतीच. परमुलखात मुलगा आजारी पडला तर त्याच्याजवळ कोण असेल, या एका प्रश्नासाठी सर दोनदा आमच्या पाड्यावर आले.

विद्यार्थी सल्लागार, जळगाव:
केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेशी शिष्यवृत्तीत देशभरासाठी वर्षाला फक्त २० जागा असतात, म्हणून तेवढ्यावरच विसंबू नये. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही अशी योजना आहे. युरोपातील इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसले, तरी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात दाखवावी लागते, आणि मजुराचे घर नेमके तिथेच अडते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी आजच सुरू करावी, कारण वैधतेला फार वेळ लागतो.

निवृत्त मुख्याध्यापक, धुळे:
तिला कवळाण्याविषयी अवश्य सांगा. मालेगाव तालुक्यातील त्या गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले, आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले.

शिक्षिका, चोपडा:
सर्वांची आभारी आहे. रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. तिची गुणपत्रिका आणि आधार काढून ठेवायला सांगितले आहे, आणि वडिलांशी आधी आजारपणाविषयीच बोलेन.