आईला मायस्थेनिया आहे अन् पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, भुलीचं काय?

गोदाकाठचा:
परभणीहून लिहायलोय. आईला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे स्नायू लवकर थकायचा आजार, पापणी पडते, जेवताना जबडा थकतो. पायरिडोस्टिग्माइन ६० ची गोळी दिवसातून चारदा अन् प्रेडनिसोलोन १० हे स्टिरॉइड चालू आहे. आता पित्ताशयात खडे निघालेत. सर्जन म्हणायलेत दुर्बिणीचं लहान ऑपरेशन आहे, इथंच करून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. मामा म्हणतो भुलीआधी सगळ्या गोळ्या बंद कराव्या लागतात. खरंय का?

भूलवाला_नांदेड:
मामांना म्हणावं थांबा जरा. स्टिरॉइड तर बिलकुल बंद करायचं नाही, उलट त्या दिवशी वरून हायड्रोकॉर्टिझोन द्यावं लागू शकतं. सकाळची पायरिडोस्टिग्माइन बहुतेकदा घोटभर पाण्यासोबत देतात, पण ते तुमचा भूलतज्ज्ञ ठरवील.
खरा घोळ स्नायू ढिले करायच्या इंजेक्शनचा. या आजारात स्नायूवरचे रिसेप्टर, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या जागा, शरीराच्याच अँटीबॉडीनं कमी झालेले असतात, त्यामुळं रोक्युरोनियम नाहीतर व्हेक्युरोनियमचा नेहमीचा डोस दिला की ऑपरेशन संपून गेलं तरी पेशंट ढिलाच, नीट श्वास घेईना. सक्सिनिलकोलिन या ढिलं करायच्या दुसऱ्या इंजेक्शनचं उलटं, ते जास्त लागतं. म्हणून डोस कमी ठेवायचा, मनगटाच्या नसेला चार बारीक झटके देऊन अंगठा कसा हलतो ते मॉनिटरवर बघायचं अन् ताकद परत आल्यावरच श्वासाची नळी काढायची. रोक्युरोनियम उतरवायला सुगॅमाडेक्स येतं, महाग आहे पण इथं पैसे वाचवू नका. नेहमीचं निओस्टिग्मिन आईच्या गोळीच्याच जातीचं, त्याचा भरवसा कमी. हॉस्पिटलला विचारा, हा मॉनिटर आहे का, सुगॅमाडेक्स मिळेल का, व्हेंटिलेटरचा बेड राखून ठेवाल का. मान हलवून विषय बदलला तर सरळ संभाजीनगर गाठा.

लातूरची_माय:
माझ्या नणंदेला हेच आहे. भाऊ, नंतरचंबी ध्यानात ठेवा. ताप आला की वार्डात कोणीतरी अमिकासिन नाहीतर जेंटामायसिन असलं अँटिबायोटिक लावतं, ते या पेशंटला सोसत नाही, मॅग्नेशियम तर लई वाईट. आम्ही फाईलच्या कव्हरवर लाल मार्करनं लिहून ठेवलंय, ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला दाखवायचं. पहिल्यांदा चिडल्या, मंग त्याच विचारू लागल्या.

गोदाकाठचा:
लई आभार दोघांचे. एक राहिलंच, परवापासून पाणी पिताना ठसका लागायलाय तिला. याचा काही संबंध?

भूलवाला_नांदेड:
अहो हेच तर आधी सांगायचं होतं! गिळायचे स्नायू कमजोर पडले असतील तर आजार काबूत नाही. आजच न्यूरोलॉजिस्टला दाखवा. खड्यांची घाई नसेल तर ऑपरेशन पुढं ढकलतील, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं सलाइन) देऊन नाहीतर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलून आधी आजार आटोक्यात आणतील, मग भूल. अन् दम लागला, आवाज नाकातून यायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.