माशांची ‘नर्सरी’: पाळणाघर, रोपवाटिका की तरवा?

मुलांसाठी प्रवाळातल्या माशांवर लेख लिहितेय आणि तीन दिवस एकाच शब्दावर अडकलेय, नर्सरी. म्हणजे खारफुटीची मुळं, समुद्रगवत, खाडीचं उथळ पाणी, जिथं कितीतरी प्रवाळमाशांची पिल्लं आधी वाढतात आणि मोठी झाली की प्रवाळाकडे निघून जातात. बरेच जण ‘पाळणाघर’ लिहितात पण मला ते पटत नाही. पाळणाघरातलं मूल संध्याकाळी आईबाप घेऊन जातात, इथं आईबापांची भेटच नाही, अंडी समुद्रात सोडून दिलेली, त्यातून निघालेला इवलासा जीव काही आठवडे प्रवाहाबरोबर भटकून किनाऱ्याला लागतो. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला?

प्रतिसाद:
मत्स्यशेतीतले शब्द वयाचे आहेत, जागेचे नाहीत. मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, बोटाएवढी झाली की बोटुकली. ‘पिल्लं’ऐवजी बोटुकली घ्याच, तळीवाल्यांच्या रोजच्या तोंडातला शब्द आहे. जागेला ‘संगोपन तळं’ म्हणतात पण ते माणसानं खणलेलं, खाडीला कसं चालेल?

प्रतिसाद:
आमच्या कोकणात तरवा. भात एका कोपऱ्यात दाट पेरायचं, रोपं वर आली की उपटून दुसरीकडे लावायची, आणि बी आलेलं असतं ते मागच्या वर्षीच्या शेतातूनच. माशांचंही तेच की, अंडी प्रवाळाकडची, वाढ खारफुटीत, परत प्रवाळात. शिवाय 2001 साली शास्त्रज्ञांनी नर्सरीची जी व्याख्या मांडली तीही अशीच आहे, नुसती पिल्लं खूप दिसली म्हणून नर्सरी होत नाही, तेवढ्याच जागेमागे इतर ठिकाणांपेक्षा जास्त मासे मोठ्यांत जाऊन मिळाले पाहिजेत. तरवा कितीही हिरवागार असला तरी लावणी झाली नाही तर भात कुठलं! कॅरिबियनमधल्या 2004 च्या अभ्यासात, जवळ खारफुटी असलेल्या प्रवाळांवर काही खाण्याच्या जातींचं एकूण वजन दुपटीहून जास्त भरलं, आणि इंद्रधनुषी पोपटमासा तर खारफुटी तोडल्यावर एका ठिकाणाहून नाहीसाच झाला. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

मूळ लेखिका:
तरवा! मनापासून आभार. शहरातल्या मुलांसाठी ‘रोपवाटिका’ लिहीन आणि तरवा समजावून सांगेन. फक्त एक, रोप आपण उचलून लावतो, मासा स्वतः जातो. तांबड्या समुद्रातल्या एका अभ्यासात (2012) माशाच्या कानातल्या खड्यावरून, म्हणजे ओटोलिथवरून कळलं की किनाऱ्यालगत वाढलेले मासे 30 किलोमीटरहून लांबच्या प्रवाळांपर्यंत पोचले होते. लहानपणी कुठल्या पाण्यात वाढला ती खूण त्या खड्याच्या आतल्या थरात राहते.

म्हणूनच माशांच्या या जाण्याला ‘स्थलांतर’ म्हणणंही खटकतंय. हे आयुष्यात एकदाच बिऱ्हाड हलवणं झालं. पण कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटाजवळ फ्रेंच ग्रंट नावाचे छोटे मासे रोज संध्याकाळी प्रवाळातून समुद्रगवतात चरायला जातात आणि पहाटे परततात, त्यालाही स्थलांतरच म्हणायचं? ती ये-जा आहे. आणि वाट ठरलेली असते बरं का, 1984 च्या प्रयोगात नव्यानं आणून सोडलेले ग्रंट जुन्यांच्या मागे जाऊन ती वाट शिकले आणि जुने काढून घेतल्यावरही त्याच वाटेनं गेले.

प्रतिसाद:
त्या वाटेला आपला शब्द आहे, वहिवाट.

मूळ लेखिका:
अगदी हाच हवा होता! आता शेवटचं विचारते, तांबोशीही लहानपणी खारफुटीत असते आणि मोठी झाली की बाहेर खोल पाण्यातल्या खडकांकडे जाते, तर खाडीत मिळणाऱ्या त्या लहान तांबोशीला तुमच्याकडे वेगळं नाव आहे का?