मदत हवी आहे: अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय, सोलापूरच्या उन्हात पाणी नेमकं किती द्यायचं?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. गच्चीवर अडेनियम आहेत, काटेवाला युफोर्बिया आहे, कलांचो आणि ऑफिस टाइमचं (पोर्तुलाका) झाड पण आहे. सगळी जाड खोडापानांची फुलझाडं म्हणून एकाच कोपऱ्यात ठेवलीत. इथं मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, दुपारी स्लॅबवर पाय ठेवता येत नाही, आणि जिथं बघावं तिथं एकच लिहिलेलं असतं की सक्युलंटला (अशा खोडापानांत पाणी साठवणाऱ्या झाडांना) पाणी कमी द्या. पण कमी म्हणजे किती हो? पुण्यातलं कमी आणि आमच्याकडचं कमी एकच कसं असेल?

सगळ्यात जुन्या अडेनियमचा बुंधा हाताला मऊ लागायला लागलाय, खालची पानं पिवळी होऊन गळतायत, कळ्या उमलायच्या आधीच वाळून गेल्या. घरातले म्हणतात तहानलंय, पाणी वाढव. शेजारच्या काकू म्हणतात मुळं कुजतायत, पाणी बंद कर. झाड सासूबाईंच्या हातचं आहे, फार जीव आहे त्यात, त्यामुळे अंदाजाने काही करायची हिंमत होत नाही.

माती बरीचशी काळी आहे, पाणी घातलं की वर तळं होतं आणि वाळली की भेगा पडतात. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बऱ्याचदा बोअरचं घालावं लागतं, ते जड आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. त्याचाही त्रास होत असेल का? सोलापूर, लातूर, विजयपूर अशा कडक उन्हाच्या भागात ज्यांनी ही झाडं वाढवलीत त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, पाण्याचं नंतर, आधी बुंधा चारी बाजूंनी दाबून बघा. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखाच मऊ असतो, सालीवर सुरकुत्या येतात, आणि भरपूर पाणी दिलं की काही दिवसांत परत टणक होतो. कुजलेला बहुतेक वेळा एका जागीच, मातीलगत, पिचपिचीत लागतो, रंग तपकिरी होतो आणि वास येतो. पानं दोन्हीत पिवळी होतात, त्यामुळे पानांवरून ठरवू नका. मग एक बारीक काडी कुंडीत खोलवर खुपसा. ओली माती चिकटून आली तर पाणी अजिबात नको, वरून कितीही कोरडं दिसू दे. काळ्या मातीत हाच धोका असतो की वर भेगा आणि खाली चिखल.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, फक्त एक सांगतो, सगळ्यांना एका मापाने पाणी घालू नका. अडेनियम उन्हाळ्यात वाढतं, फुलतं, तेव्हा त्याला पाणी लागतं, माती निचऱ्याची असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात एक-दोन दिवसाआड दिलं तरी चालतं. थंडीत पानं गाळतं तेव्हा अगदी कमी. ऑफिस टाइमची मुळं वरवर असतात, छोट्या कुंडीत ते लवकर सुकतं. कलांचोला मात्र दुपारचं ऊन नकोच, सावलीत घ्या आणि माती वाळल्यावरच पाणी द्या. आणि देताना खालच्या भोकातून वाहून जाईल इतकं द्या, रोज कपभर शिंपडू नका, बोअरच्या पाण्यातले क्षार त्यानेच मातीत साठत जातात. खाली बशी असेल तर काढून टाका. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, तापलेल्या स्लॅबवर मुळं भाजतात. पाणी सकाळी लवकर घाला, टाकीतलं तापलेलं पाणी दुपारी नको.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. काडी घालून बघितली, खाली चक्क ओलं आहे, आणि एका बाजूला मातीलगत बोट रुततंय पण बाकी बुंधा टणक आहे. आता एवढ्या उन्हात कुंडीतून काढायचं का पावसाळ्यापर्यंत थांबू?

प्रतिसाद:
थांबू नका ताई, कूज वर चढत जाते. आजच काढा, माती झटका, आणि धारदार सुरीने आत स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत कापा, तपकिरी ठिपका सुद्धा ठेवू नका, दर कापाला सुरी पुसा. चीक विषारी असतो, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. कापल्या जागेवर बुरशीनाशक पावडर लावून झाड सावलीत, वाऱ्याला, आडवं ठेवा, जखम पूर्ण सुकेपर्यंत, आठवडा सहज लागतो, तेवढ्यात ते मरत नाही, बुंध्यात पाणी असतं त्याच्या. मग जाडी वाळू, विटेचा चुरा, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं जुनं शेणखत, काळी माती नाही. लावल्यावर लगेच पाणी घालू नका, पुढचा आठवडा कोरडंच राहू द्या आणि नवी पालवी दिसेपर्यंत ग्रीन नेटखाली ठेवा. आपल्याकडं सप्टेंबरात जोराचा पाऊस असतो, तेव्हा कुंडी पत्र्याखाली घ्यायची तयारी आत्ताच करून ठेवा. कापल्यावर आतला फोटो टाका, पांढरं झालंय का नाही ते बघून सांगतो.