लघवीत कँडिडा वाढली म्हणून लगेच औषध द्यावे का?

सूक्ष्मजीवशास्त्र तज्ज्ञ, नागपूर
लघवीची नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीत कँडिडा ही बुरशी वाढल्याचा रिपोर्ट आमच्याकडून गेला की पुष्कळदा त्याच संध्याकाळी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू होते. रुग्णाला ना ताप असतो, ना लघवीची काही तक्रार. ही बुरशी बहुधा नळीवर नुसती वस्ती करून असते आणि नळी काढणे किंवा बदलणे पुरेसे ठरते. श्वेतपेशी फार घटलेले रुग्ण, अत्यंत कमी वजनाची नवजात बालके आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण वगळता, लक्षणे नसताना उपचाराची गरज नसते. थुंकीतल्या कँडिडाबाबत तर शंकाच नको, कारण तिच्यामुळे न्यूमोनिया होणे अतिशय दुर्मीळ आहे. म्हणून माझा आग्रह आहे की औषधासोबत कारण लिहावे, आधी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावे आणि तिसऱ्या दिवशी कारण पुन्हा लिहिल्याशिवाय औषधनिर्मात्याने पुढचा डोस देऊ नये.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर
मॅडम, लघवी आणि थुंकीबाबत मी सहमत आहे. तिसऱ्या दिवशीच्या अटीला माझा विरोध आहे. शरीरात खोलवर पसरलेल्या कँडिडाच्या संसर्गात रक्ताचे कल्चर सुमारे निम्म्या रुग्णांतच काही दाखवते. पोटाच्या वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या आणि शिरेतून पोषण चाललेल्या रुग्णाचा रक्तदाब टिकत नसेल, तर कल्चर निगेटिव्ह आले एवढ्यावरून मी औषध थांबवणार नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी वणवण फिरत होते, वर्ध्यात त्याचे उत्पादन सुरू करावे लागले. औषधाला उशीर झाला की काय होते, हे तेव्हा आम्ही पाहिले आहे; कुणाचा डोळा गेला, कुणाचा जीव.

सूक्ष्मजीवशास्त्र तज्ज्ञ, नागपूर
सर, तो दाखला इथे लागू होत नाही. म्युकरमध्ये नाकातून काढलेल्या तुकड्यात रुंद तंतू सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी दिसू शकतात, म्हणजे औषधाला तत्काळ आधार मिळतो. शिवाय फ्लुकोनॅझोल म्युकरवर चालतच नाही. अंदाजाने औषध देण्याचा फ्रान्समधील एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक ठिकाणी कँडिडा वसलेल्या, सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची गंभीर अवस्था) झालेल्या रुग्णांना मायकाफंगिन हे बुरशीविरोधी औषध दिले, तरी २८ दिवसांपर्यंत बुरशीच्या संसर्गाविना जगणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. दुसरीकडे, २००९ मध्ये जपानमधून प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस भारतातील अतिदक्षता विभागांत पोहोचली आहे आणि फ्लुकोनॅझोलला ती बहुधा दाद देत नाही. औषध बंदच करा, असे मी म्हणत नाही. चालू ठेवण्याचे कारण तेवढे मागते आहे. बीटा-डी-ग्लुकन ही बुरशीचा अंश शोधणारी रक्तचाचणी निगेटिव्ह आली तर थांबवण्याचा निर्णय अधिक खात्रीने घेता येईल.

क्लिनिकल फार्मासिस्ट
मॅडमची भूमिका मला पटते, पण डोस रोखण्याचे काम आमच्यावर टाकू नये. मध्यरात्री, संबंधित डॉक्टर उपलब्ध नसताना, गंभीर रुग्णाचे औषध अडवण्याची जबाबदारी कोणत्याही औषधनिर्मात्याने का घ्यावी? त्यापेक्षा डोस तपासण्याचा अधिकार आम्हाला द्यावा, कारण अपुरा डोस हाही तितकाच गंभीर प्रश्न आहे. रक्तातील कँडिडासाठी फ्लुकोनॅझोल निवडलेच, तर प्रौढांना सहसा पहिल्या दिवशी ८०० मिलिग्रॅम आणि पुढे रोज ४०० मिलिग्रॅम लागते. पहिला मोठा डोस वगळला तर औषधाची रक्तातील आवश्यक पातळी गाठायला कित्येक दिवस जातात. वॉरफरिन (रक्त पातळ करणारे), फेनिटॉइन (फिट्सचे) किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाचे) चालू असेल तर फ्लुकोनॅझोलमुळे त्यांचा परिणाम वाढतो, हेही प्रिस्क्रिप्शन लिहितानाच पाहिले पाहिजे.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर
कारण लिहायला माझी हरकत नाही. रोजच्या राउंडमध्ये लिहीन. मात्र बीटा-डी-ग्लुकनचा रिपोर्ट चार-पाच दिवसांनी हाती येणार असेल, तर तिसऱ्या दिवशी तो माझ्या काय उपयोगाचा?

सूक्ष्मजीवशास्त्र तज्ज्ञ, नागपूर
ही हरकत रास्त आहे. डोस रोखण्याची अट मी मागे घेते. मुदत संपली की औषधनिर्मात्याने डॉक्टरांना फोन करावा, औषध चालू राहावे. यापुढे लघवीत कँडिडा आढळल्यास 'लक्षणे नसल्यास उपचार बहुधा अनावश्यक, नळी काढण्याचा विचार करावा' ही ओळ आमच्या रिपोर्टातच छापली जावी, यासाठी मी प्रयत्न करेन. परंतु कोणतीही मुदत न घालता, कारण न लिहिता चाललेल्या औषधाला माझा विरोध कायम आहे.